जुना नकाशा टाइल करून लीफलेटवर चढवलाय पण दिसतच नाहीये – सह्याद्री, रास्टर टाइल्स, रिअ‍ॅक्ट

कातळकडा | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, एरवी इथे नुसता वाचत असतो, पण आता डोकं चालेना म्हणून धागा काढतोय. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं एक छोटं वेब अ‍ॅप करतोय, हौस म्हणून, पैसे वगैरे काही नाही. रिअ‍ॅक्ट, त्यात रिअ‍ॅक्ट-लीफलेट, म्हणजे वेबवर नकाशे दाखवणारी लीफलेट लायब्ररी, खाली ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) आणि त्यावर एक जुना नकाशा अर्धपारदर्शक टाकायचा, की स्लायडर सरकवला की खालचं आजचं आणि वरचं जुनं आलटून पालटून दिसेल.

जुना नकाशा म्हणजे अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची ती यू५०२ मालिका, अडीच लाखास एक प्रमाणाची, १९५० च्या दशकात छापलेली. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने स्कॅन करून नेटवर ठेवलीये. पुण्याचं शीट घेतलं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार कोपरे आणि मधले काही पॉइंट देऊन जिओरेफरन्स केलं (म्हणजे चित्राला खऱ्या जागेचे अक्षांश-रेखांश जोडले), मग जीडॅल या टूलच्या टाइल्स बनवणाऱ्या कमांडने झूम ८ ते १३ पर्यंतच्या टाइल्स पाडल्या. फोल्डर उघडून बघितलं तर पीएनजी व्यवस्थित दिसतायत, तोरणा दिसतो, सगळं आहे. ते फोल्डर प्रोजेक्टच्या पब्लिक फोल्डरमध्ये टाकलं, दुसरा टाइललेयर कंपोनंट लावला, पाथ दिला. आणि स्क्रीनवर काहीच नाही. खालचा नकाशा मस्त दिसतोय, वरचा गायब. कन्सोलमध्ये एरर नाही, नेटवर्क टॅबमध्ये सगळ्या टाइल्सना २०० (म्हणजे सर्व्हरने उत्तर नीट दिलं) येतंय. ४०४ (फाइल सापडली नाही) असतं तर समजलो असतो की पाथ चुकला. २०० आणि तरी काही नाही, हे काय प्रकरण आहे?

अर्धाकप | सोमवार, रात्री ११:५२

कंटेनरला हाइट दिलीये का? लीफलेटचं सीएसएस इंपोर्ट केलंय का? ९० टक्के वेळा हेच असतं.

कातळकडा | सोमवार, रात्री ११:५५

अरे खालचा नकाशा दिसतोय ना, हाइट नसती तर तोही नसता दिसला.

अर्धाकप | मंगळवार, रात्री १२:०३

हो रे, अर्धवट वाचलं. तरी पुढे कोणी शोधत शोधत इथे येईल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. पूर्ण पांढरं म्हणजे कंटेनरची उंची शून्य आहे. टाइल्स पत्त्यांसारख्या इकडेतिकडे पसरल्या म्हणजे सीएसएस आलेलं नाही. आणि नकाशा एखाद्या टॅबमध्ये किंवा मोडलमध्ये आहे, उघडल्यावर डाव्या कोपऱ्यातच थोड्या टाइल्स आणि बाकी राखाडी, तर तो लपलेला असताना लीफलेटने साइज मोजली, टॅब उघडल्यावर इनव्हॅलिडेटसाइज बोलवायचं.

नकाशेतात्या | मंगळवार, सकाळी ७:१०

कातळकडा, २०० वर जाऊ नकोस. नेटवर्क टॅबमध्ये त्यातली एक रिक्वेस्ट उघड आणि रिस्पॉन्समध्ये नक्की काय आलंय ते बघ, कंटेंट टाइप इमेज आहे की टेक्स्ट एचटीएमएल. सिंगल पेज अ‍ॅपच्या सर्व्हरला बऱ्याचदा असं सांगून ठेवलेलं असतं की जी फाइल सापडणार नाही तिच्या जागी इंडेक्स पेज द्यायचं, म्हणजे राउटर चालतो. टाइल सापडली नाही की बिचारा सर्व्हर पीएनजीच्या जागी तुझं होमपेज पाठवतो, तेही २०० लावून. ब्राउझरला त्यातून चित्र काढता येत नाही आणि लीफलेटने टाइल लोड न झाल्याचा इव्हेंट दिला तरी तो तू ऐकत नसशील तर गुपचूप जातो. टाइललेयरच्या टाइलएरर इव्हेंटवर एक कन्सोल लॉग टाक, किंवा एररटाइलयूआरएलमध्ये लाल चौकोनाचं चित्र दे, म्हणजे कुठल्या टाइल्स फेल होतायत ते डोळ्यांना दिसेल.

कातळकडा | मंगळवार, सकाळी ८:३१

तात्या, बरोब्बर! प्रत्येक टाइलच्या जागी इंडेक्स पेज आलंय. म्हणजे फाइल सापडत नाहीये. पण फोल्डरमध्ये तर आहेत. झूम १० ला ब्राउझर मागतोय १०/७२२/४५८, आणि माझ्या फोल्डरमध्ये ७२२ आहे पण आत ४५८ नाहीच, ५६४ आणि ५६५ वगैरे आहेत. जिओरेफरन्सिंग गंडलं का?

नकाशेतात्या | मंगळवार, सकाळी ९:०५

काही गंडलेलं नाही. ४५८ आणि ५६५ ची बेरीज कर, १०२३ येते. झूम १० ला उभ्या दिशेने १०२४ टाइल्स असतात, शून्यापासून मोजल्या तर शेवटची १०२३. तू ज्या टाइल्स पाडल्यास त्यात वाय खालून वर मोजलाय, दक्षिणेकडून, त्याला टीएमएस म्हणतात. ओपनस्ट्रीटमॅप, गूगल आणि लीफलेट स्वतः वरून खाली मोजतात. एक्स दोघांचा सारखाच, म्हणून ७२२ सापडला.

खात्री करायची असेल तर नकाशा सरकवत विषुववृत्ताच्या खाली जा, साधारण साडेअठरा अंश दक्षिण, रेखांश तोच ठेव. मॉरिशसच्या बऱ्याच पूर्वेला, भर हिंदी महासागरात तुझा तोरणा उभा असेल.

कातळकडा | मंगळवार, सकाळी ९:२२

आई शप्पथ. आहे. पाण्यात आहे. पुण्याचं अख्खं शीट समुद्रात तरंगतंय, पण गंमत म्हणजे वरची ओळ खाली आणि खालची वर, टाइल्सची उतरंड उलटी झालीये आणि प्रत्येक टाइल स्वतः मात्र सुलट.

फिरस्ती | मंगळवार, सकाळी ९:४०

स्क्रीनशॉट टाक रे, हे बघायलाच हवं 😂

नकाशेतात्या | मंगळवार, सकाळी १०:१५

दोन उपाय. एक, टाइललेयरला टीएमएस हा प्रॉप ट्रू दे, लीफलेट वाय उलटा करून मागेल. दोन, टाइल्स परत पाड आणि कमांडला एक्सवायझेडचा पर्याय दे, तो जीडॅल ३.१ पासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीत नव्हता म्हणून नेटवरच्या जुन्या लेखांत सापडत नाही. मी दुसरा सुचवेन, कारण उद्या लायब्ररी बदललीस की परत हाच घोळ. मॅपलिब्रेमध्ये सोर्सला स्कीम टीएमएस लिहावं लागतं, ओपनलेयर्समध्ये यूआरएलच्या साच्यात वायच्या आधी वजा टाकतात. एमबीटाइल्स फाइलमध्येही आत टीएमएसचाच क्रम असतो, ते लक्षात ठेव. सगळ्या जगाने एकच पद्धत धरली असती तर बरं झालं असतं पण टीएमएसवाल्यांनी गणितातला आलेख डोळ्यासमोर ठेवला, वाय वर जातो तसा, आणि गूगलने २००५ मध्ये मॅप्स आणले तेव्हा स्क्रीनचा हिशेब धरला, वरून खाली. आता दोन्ही राहणार.

मोहोर | मंगळवार, दुपारी १:३०

मी या विषयात नवीन आहे, एक बेसिक प्रश्न. आख्खं शीट एकच मोठी इमेज म्हणून का टाकत नाही? लीफलेटमध्ये इमेजओव्हरले आहे ना?

नकाशेतात्या | मंगळवार, दुपारी २:१२

टाकता येतं ताई, छोटी असेल तर तेच करावं. पण स्कॅन चांगला असेल तर सात-आठ हजार पिक्सेल रुंद असतो, ब्राउझरला तो पूर्ण उतरवून पूर्ण मेमरीत उघडावा लागतो, मग बघणारा फक्त राजगडच बघत का असेना. साध्या मोबाइलची वाट लागते. टाइल म्हणजे २५६ बाय २५६ चा तुकडा, झूम शून्यला सगळं जग एका तुकड्यात, पुढच्या प्रत्येक झूमला एकाचे चार. झूम १८ ला जगाचे सहा हजार आठशे कोटींच्या वर तुकडे होतात, पण तुमच्या स्क्रीनवर एका वेळी लागतात वीस-तीस. बाकीचे मागायचेच नाहीत, ही सगळी युक्ती. आणि यातल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता ठरलेला असल्यामुळे सर्व्हरला डोकं लागत नाही, नुसतं फाइल्सचं फोल्डर ठेवलं तरी नकाशा चालतो. कातळकडाचं एक शीट १ अंश उंच आणि दीड अंश रुंद आहे, झूम १३ ला साधारण ३४ गुणिले २४, म्हणजे आठशेच्या आसपास टाइल्स. खालचे झूम धरून अकराशे. काहीच नाही हो.

कातळकडा | मंगळवार, रात्री १०:४५

एक्सवायझेडने परत पाडल्या, दिसला!! धन्यवाद तात्या. आता पुढचं रडगाणं.

झूम १३ पर्यंत दिसतो आणि १४ ला गेलं की जुना नकाशा एकदम गायब. मी मॅक्सझूम १३ दिलाय कारण टाइल्सच तेवढ्या आहेत. अजून वरच्या झूमच्या पाडू का?

आणि तोरण्याचा माथा जुन्या नकाशात आणि खालच्या नकाशात जुळत नाहीये. थोडाच फरक आहे, शंभर-सव्वाशे मीटर असेल, पण प्रत्येक ठिकाणी साधारण त्याच बाजूला. भाटघरच्या धरणाची भिंतही तशीच सरकलेली.

सह्यभ्रमर | मंगळवार, रात्री ११:२०

पहिल्याचं उत्तर: वरच्या पाडू नकोस, जागा फुकट जाईल. मॅक्सनेटिव्हझूम १३ आणि मॅक्सझूम १८ असे दोन वेगवेगळे प्रॉप दे. पहिला सांगतो की खऱ्या टाइल्स कुठपर्यंत आहेत, दुसरा सांगतो की लेयर कुठपर्यंत दाखवायचा. मधल्या झूमना लीफलेट १३ च्याच टाइल्स ताणून दाखवतो, धुरकट होईल, पण जाणार नाही.

आणि १३ च का, हा हिशेब एकदा करून बघ म्हणजे पुढच्या नकाशाला अंदाज येईल. अडीच लाखास एकचा नकाशा ३०० डीपीआयला स्कॅन केला की एक पिक्सेल जमिनीवर साधारण २१ मीटरचा. वेब मर्केटरमध्ये, म्हणजे वेबवरचे नकाशे ज्या प्रक्षेपणात काढतात त्यात, विषुववृत्तावर झूम शून्यला एक पिक्सेल १,५६,५४३ मीटरचा, दर झूमला निम्मा. आपल्या अक्षांशाला त्याला ०.९५ ने गुणायचं. झूम १२ ला ३६ मीटर येतात, १३ ला १८. म्हणजे १३ ला स्कॅनमधलं सगळं आलं, १४ ला नुसती हवा. पन्नास हजारास एकची टोपोशीट असती तर त्याच डीपीआयला सव्वाचार मीटरचा पिक्सेल, तेव्हा १५ पर्यंत जाण्यात अर्थ होता.

नकाशेतात्या | बुधवार, सकाळी ७:३०

दुसऱ्याचं मी सांगतो. सगळीकडे एकाच बाजूला सारखाच फरक आहे म्हणजे तुझे पॉइंट चांगले दिलेत, डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या आकारावर मोजले ते, चुकलाय. तू शीटवरच्या अक्षांश-रेखांशाच्या रेघांची छेदनं धरून आकडे दिलेस ना? ते आकडे डब्ल्यूजीएस८४ चे नाहीत. आपल्याकडचे जुने सगळे नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर, १८३० सालचा, आणि त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कलियानपूर. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून मोजणी सुरू केली, एव्हरेस्टने ती पुढे नेली, आणि त्या मोजणीला भारतात चपखल बसेल असा पृथ्वीचा आकार ठरवला. सॅटेलाइटवाला डब्ल्यूजीएस८४ अख्ख्या पृथ्वीला बसवलेला. दोघांचा मध्यबिंदूच वेगळा, म्हणून अंशाचा आकडा तोच असला तरी जमिनीवरची जागा शे-सव्वाशे मीटर हलते.

काय करायचं, तर क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये पॉइंट तेच राहू दे, फक्त टार्गेट सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस८४ च्या जागी कलियानपूर १९७५ म्हणजे ईपीएसजी ४१४६ दे. मग तिथून ३८५७ म्हणजे वेब मर्केटरमध्ये वार्प (रूपांतर) कर आणि मग टाइल्स. हाताने ओढून जुळवू नकोस, एका शीटला जमेल पण शेजारचं शीट लावलंस की दोन्ही भांडायला लागतील.

आणि एक बघ, फ्रंटएंडमध्ये हे दुरुस्त करायचा कुठलाही प्रॉप नाही. कंपोनंटला फक्त चौकोन आणि त्यांचे पत्ते कळतात, आतल्या चित्रात काय आहे त्याचा त्याला गंध नसतो.

अर्धाकप | बुधवार, सकाळी ९:५०

आपण जावास्क्रिप्टवाले डेटमबिटम ऐकलं की पळून जातो 😅 तात्या लिहीत राहा, सेव्ह करून ठेवतोय.

कातळकडा | बुधवार, रात्री ९:१५

४१४६ ने चपखल बसला. तोरणा तोरण्यावर, राजगडाची सुवेळा माची सुद्धा. आता स्लायडर. ओपॅसिटी स्टेटमध्ये ठेवलीये आणि ती बदलते व्यवस्थित, पण किल्ल्याच्या यादीवर क्लिक केल्यावर नकाशाचं सेंटर बदलायला बघतोय, मॅपकंटेनरला नवीन सेंटर देतोय, तो ढिम्म हलत नाही.

सानिका_कोड | बुधवार, रात्री ९:४०

हलणारच नाही दादा, मॅपकंटेनरचे बहुतेक प्रॉप पहिल्यांदा नकाशा तयार होतानाच वाचले जातात, नंतर बदललेस तरी दुर्लक्ष. रिअ‍ॅक्टची सवय असलेल्या प्रत्येकाला हा धक्का बसतो कारण आपल्याला वाटतं स्टेट बदलली की सगळं बदलेल, पण लीफलेट हा स्वतःचा डॉम स्वतः सांभाळणारा गडी आहे, रिअ‍ॅक्ट-लीफलेट त्याला नुसता हाताला धरून नेतो. एक छोटा कंपोनंट बनव, मॅपकंटेनरच्या आत ठेव, त्यात यूझमॅप हुक घे आणि यूझइफेक्टमध्ये सेटव्ह्यू किंवा फ्लायटू बोलव. टाइललेयरचं ओपॅसिटी, झेडइंडेक्स आणि यूआरएल मात्र नंतर बदलता येतात, म्हणून तुझा स्लायडर चालला. मॅक्सनेटिव्हझूमसारखं काही बदलायचं असेल तर टाइललेयरला ‘की’ (key) हा प्रॉप दे आणि त्याची किंमत बदल, म्हणजे जुना जाऊन नवा येईल.

नेक्स्टजेएसवर नेणार असशील तर सर्व्हरवर विंडो डिफाइन नाही म्हणून रडेल, नकाशाचा कंपोनंट डायनॅमिक इंपोर्टने आण आणि एसएसआर (सर्व्हरवर रेंडर करणं) फॉल्स दे.

स्लायडर ऑनचेंजला दर पिक्सेलला स्टेट सेट करतोय आणि त्याच कंपोनंटमध्ये तुझे सगळे किल्ल्यांचे मार्कर पण रेंडर होतायत का? असतील तर स्लायडर आणि जुना लेयर एका वेगळ्या कंपोनंटमध्ये काढ, नाहीतर जुन्या फोनवर अडखळेल.

फिरस्ती | बुधवार, रात्री १०:३०

स्लायडरपेक्षा भारी युक्ती सांगू? टाइललेयरला क्लासनेम दे आणि सीएसएसमध्ये त्या क्लासला मिक्स-ब्लेंड-मोड मल्टिप्लाय लाव. जुन्या नकाशाचा पांढरा कागद जवळजवळ नाहीसा होतो आणि शाई तेवढी उरते, कंटूरच्या रेघा, नद्या, गावांची नावं थेट आजच्या नकाशावर छापल्यासारखी. दोन्ही लेयर लीफलेटच्या एकाच पेनमध्ये (pane, लेयर ठेवायचा थर) असले पाहिजेत एवढंच. कागद पिवळट असेल तर आधी क्यूजीआयएसमध्ये किंवा कुठल्याही फोटो एडिटरमध्ये लेव्हल्स थोड्या खेच.

कातळकडा | बुधवार, रात्री ११:४८

फिरस्ती, हे बेक्कार सुंदर दिसतंय. खडकवासल्याचा तलाव आहे, मुळशीचा आहे, आणि खाली आजच्या नकाशात निळं पसरलेलं पानशेत आणि वरसगाव, त्याच्यावर जुन्या नकाशातली आंबी आणि मोसे नदीची बारीक रेघ, काठाने गावांची नावं. अर्धा तास नुसता बघत बसलो, कोड राहिलं बाजूला.

बोस्टनची_पमा | गुरुवार, सकाळी ६:२०

तिकडच्या मॅपलिब्रेवाल्यांना या धाग्यात कोणी बोलवलं नाही का? 🙂 आम्ही ऑफिसमध्ये सगळं मॅपलिब्रेवर नेलं, वेबजीएल असल्यामुळे झूम गुळगुळीत, नकाशा फिरवता येतो, तिरका करता येतो, खाली उंचीचा डेटा दिला तर तुमचा जुना नकाशा डोंगरावर चादरीसारखा पसरतो. सह्याद्रीसाठी याहून भारी काय.

सह्यभ्रमर | गुरुवार, सकाळी ८:००

भारी आहेच, पण इथे गरज आहे का? दोन रास्टर लेयर आणि काही मार्कर, त्याला लीफलेट पुरे. चाळीस-पन्नास केबीत भागतं, जुन्या फोनवर चालतं. वेबजीएलमध्ये वेगळ्या डोमेनच्या टाइल्सना सीओआरएस हेडर (दुसऱ्या साइटला फाइल वापरायची परवानगी) नसेल तर चित्र दिसतच नाही, लीफलेटमध्ये साधा इमेज टॅग असल्यामुळे हा त्रास नाही. जायचंच असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो, रास्टर सोर्सला टाइलसाइझ २५६ स्पष्ट लिहा. न लिहिल्यास मॅपलिब्रे ५१२ धरतो, मग अक्षरं दुप्पट मोठी आणि सगळं धूसर, आणि लोक म्हणतात टाइल सर्व्हर खराब.

बोस्टनची_पमा | गुरुवार, सकाळी ८:३५

५१२ चं खरंय, आमच्या इथे नवीन आलेला प्रत्येक जण त्यात अडकतो. बाकी केबीचं म्हणाल तर २०२० च्या शेवटी मॅपबॉक्सने लायसन्स बंद केलं आणि लोकांनी शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून मॅपलिब्रे काढलं, तेव्हापासून एवढं काम झालंय की लीफलेटला चिकटून राहण्यात मला तरी राम वाटत नाही. पण बरं, हौसेचं अ‍ॅप आहे, सोपं ते करा. रेटिना स्क्रीनवर लीफलेट मऊ दिसतो एवढं मान्य करा मात्र.

सह्यभ्रमर | गुरुवार, सकाळी ८:५०

मान्य. डिटेक्टरेटिना आहे, पण तो पुढच्या झूमच्या टाइल्स अर्ध्या आकारात दाखवतो, म्हणजे नावं बारीक होतात आणि टाइल्स चौपट लागतात. छापील नकाशाच्या स्कॅनला तर नकोच.

कातळकडा | शुक्रवार, रात्री १०:१०

आता शेजारचं शीट आणलं, कारण रायगड पुण्याच्या शीटमध्ये नाही! दोन शीटमधली हद्द साडेत्र्याहत्तर रेखांशावर आहे, तोरणा तिच्या पूर्वेला आणि रायगड पश्चिमेला, आणि ती हद्द नेमकी मुळशीच्या तलावातून जाते. दोन्ही शीटच्या पांढऱ्या कडा एकमेकांवर चढल्यात, मुळशी कागदाच्या समासाखाली गेलंय. वेगवेगळे दोन लेयर ठेवू की एकत्र करू?

नकाशेतात्या | शनिवार, सकाळी ७:४५

एकत्र कर. टाइल्स पाडायच्या आधी प्रत्येक शीटचा समास कापायचा. शीटच्या चार कोपऱ्यांचा एक पॉलिगॉन बनव, त्याच ४१४६ मध्ये, नाहीतर कापही शंभर मीटर चुकेल, आणि वार्पला तो कटलाइन म्हणून दे, सोबत अल्फा बँड मागून घे म्हणजे बाहेरचं पारदर्शक राहील. मग दोन्ही शीटचा मिळून एक व्हीआरटी (शीट्स जोडून दाखवणारी जीडॅलची फाइल) आणि त्याच्यावरून टाइल्स. दोन लेयर ठेवलेस तर हद्दीवरच्या प्रत्येक टाइलसाठी दोन रिक्वेस्ट, आणि ओपॅसिटी अर्धी असताना जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद पट्टा.

समासावरची माहिती मात्र फेकू नकोस. कुठल्या सर्व्हेवरून नकाशा रचला ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि छपाई पन्नासच्या दशकातली असली तरी आतला सर्व्हे त्याहून जुना असतो. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तो तुकडा चित्र म्हणून लाव.

दांडेकर_मास्तर | शनिवार, सकाळी ११:३०

छान चाललंय. पण हे सार्वजनिक करणार असाल तर दोन गोष्टी बोलायला हव्यात, कोणी बोलत नाहीये.

पहिली, ओपनस्ट्रीटमॅपचा तो फुकटचा टाइल सर्व्हर. डेटा खुला आहे, ओडीबीएल लायसन्स, पण सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि त्याचे नियम आहेत. कोपऱ्यात श्रेय दिसलंच पाहिजे, टाइल्स कॅश केल्या पाहिजेत, घाऊक डाउनलोड चालत नाही आणि रेफरर हेडर (विनंती कुठल्या साइटवरून आली ते) गेला पाहिजे. सिक्युरिटीवाल्यांनी सांगितलं म्हणून रेफरर पॉलिसी नो-रेफरर केलीत की टाइल्सच्या जागी अडवल्याची पाटी येते आणि लोक डोकं आपटत बसतात. अ‍ॅप मोठं झालं तर दुसरी सोय बघा. पैसे देऊन घ्यायची तर बिलाला वरची मर्यादा आधी घालून ठेवा, आमच्या एका ओळखीच्यांच्या साइटचा नकाशा कुठल्याशा बॉटने रात्रभर झूम केला आणि महिन्याचा कोटा सकाळी संपलेला.

दुसरी, देशाची सीमा. ओपनस्ट्रीटमॅपच्या मूळ टाइल्समध्ये काश्मीरची रेघ जमिनीवर ताबा कोणाचा त्याप्रमाणे काढतात, आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नाही. आपल्याकडे १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनुसार सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. किल्ल्यांच्या अ‍ॅपवर कोण येतंय म्हणू नका. रास्टर टाइलमध्ये रेघ चित्रातच भाजलेली असते, ती कोडने पुसता येत नाही. व्हेक्टर टाइल असती तर तो लेयर बंद करता आला असता, हा रास्टरचा खरा तोटा.

सानिका_कोड | शनिवार, दुपारी १२:०५

मास्तर, इथे सोपी पळवाट आहे. नकाशा सह्याद्रीपुरताच आहे ना, मग मॅक्सबाउंड्स महाराष्ट्रापुरते द्यायचे, मिनझूम ८ आणि मॅक्सबाउंड्सव्हिस्कॉसिटी १, म्हणजे बाहेर ओढताच येत नाही. काश्मीर स्क्रीनवर येणारच नाही. जुन्या लेयरलाही बाउंड्स द्या, तो मग आपल्या चौकटीबाहेरच्या टाइल्स मागतच नाही, ती २०० वाली खोटी पानंही बंद.

दांडेकर_मास्तर | शनिवार, दुपारी १२:४०

हे पटलं. फार मोठ्या मॉनिटरवर मिनझूमला काय दिसतं ते मात्र तपासा.

पानशेतकर | रविवार, रात्री ८:५०

मला कोडिंगमधलं काही कळत नाही, मुलीने हा धागा पाठवला म्हणून आलो. आमचं मूळ गाव धरणात गेलं. १९६१ च्या जुलैत धरण फुटलं ते सगळ्यांना माहिती आहे, पण त्याआधी पाण्यासाठी उठवलेली गावं कोणी लक्षात ठेवत नाही. वडील सांगायचे नदीच्या कुठल्या अंगाला गाव होतं. तुमच्या नकाशात ते नावानिशी असेल तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर जाऊन फोनवर बघायचंय. तिथे रेंज नसते. काही सोय होईल का?

कातळकडा | रविवार, रात्री ९:३०

काका, नक्की करतो. गावाचं नाव मला मेसेज करा, मी शीटमध्ये शोधतो. जुनं स्पेलिंग वेगळं असू शकतं.

ऑफलाइनचं कसं करावं मंडळी? सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये फाइल्स साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) टाकून सगळ्या टाइल्स आधीच भरून ठेवू?

सह्यभ्रमर | रविवार, रात्री १०:१५

जुन्या नकाशाच्या तुझ्या स्वतःच्या टाइल्स बिनधास्त भरून ठेव, अमेरिकन सरकारी काम असल्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही. खालच्या ओपनस्ट्रीटमॅपच्या मात्र आधीच भरायच्या नाहीत, मास्तर म्हणाले तसं, बघणाऱ्याने जेवढ्या बघितल्या तेवढ्याच कॅशमध्ये राहतील. काकांना त्या लागणारही नाहीत, जुना नकाशा आणि जीपीएसचा निळा ठिपका दोन्ही पुरेत. जीपीएसला रेंज लागत नाही, फक्त पेज एचटीटीपीएसवर असलं पाहिजे आणि आधी एकदा उघडून ठेवलेलं.

टाइल्स पीएनजीत ठेवू नकोस, स्कॅनमधल्या कागदाच्या कणांमुळे पीएनजी फुगतो. जेपीईजीला पारदर्शकता नाही म्हणून कडेला काळं येईल. वेबपी कर, दोन्ही सुटतात. आणि हजारो बारक्या फाइल्स चढवायचा कंटाळा येत असेल तर पीएमटाइल्स बघ, सगळ्या टाइल्स एका फाइलमध्ये, ब्राउझर रेंज रिक्वेस्टने हवे तेवढेच बाइट्स उचलतो, टाइल सर्व्हर लागतच नाही. ऑफलाइनसाठी मात्र सुटे वेबपीच सोपे.

नकाशेतात्या | सोमवार, सकाळी ७:२०

पानशेतकर, एक लक्षात ठेवा. या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. गावाचं चिन्हच दीड-दोन मिलिमीटरचं असतं. डेटम दुरुस्त केला तरी निळा ठिपका नावावर आला म्हणजे तुम्ही गावाच्या चावडीत उभे आहात असं नाही, अर्धा किलोमीटर इकडेतिकडे धरा. नदीचं वळण आणि डोंगराची सोंड यांच्यावरून जुळवा, ते जास्त खरं. नक्की जागा हवी असेल तर पन्नास हजारास एकची किंवा त्याहून जुनी इंचाला मैलवाली शीट शोधावी लागेल, ती सर्व्हे ऑफ इंडियाची, तिचे हक्क वेगळे, अ‍ॅपमध्ये टाकायच्या आधी विचारा. आणि कातळकडा, ही सूचना अ‍ॅपमध्येही लिही, झूम १८ ला ताणलेला नकाशा बघून कोणीतरी त्यावरची पायवाट धरून घाट उतरायला जाईल.

कातळकडा | सोमवार, सकाळी ९:००

लिहितो तात्या. झूम १५ नंतर जुना लेयर बंदच करतो, म्हणजे कोणी फसणार नाही.

कोयनाकाठ | सोमवार, दुपारी ३:१०

हे सगळं वाचून आता आमचाही नंबर लावतो. शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या धरणात, गेलेली गावं कुठल्या शीटमध्ये येतील?

नकाशेतात्या | सोमवार, दुपारी ४:०२

या मालिकेतल्या एनई ४३ नावाच्या चौकटीत १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७८ रेखांश येतात, तिची सोळा शीट्स, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने मोजायची, एका ओळीत चार. पुण्याचं सहावं. कोयना त्याच्या बरोबर खाली, म्हणजे दहावं.

कातळकडा | सोमवार, रात्री ११:१५

दहावं उतरवलं. स्कॅनला मधोमध घडी आहे आणि तिच्यापाशी ग्रिडच्या रेघा किंचित वाकल्यात, साध्या पॉलिनॉमिअलने तिथे जुळत नाहीये. थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक पॉइंटला धरून चित्र ताणणारी पद्धत) लावू की घडीच्या दोन्ही बाजूंना जास्त पॉइंट देऊन बघू?

नकाशेतात्या | मंगळवार, सकाळी ७:०५

आधी पॉइंट वाढव. घडीच्या दोन्ही अंगांना, रेघांच्या प्रत्येक छेदावर. मग स्प्लाइन लाव. कमी पॉइंटवर स्प्लाइन लावलास तर पॉइंटपाशी जुळेल आणि मध्ये वाटेल तसा वाकेल, आणि त्याचा एरर शून्य दाखवतो म्हणून कळणारही नाही. चार-दोन छेद मुद्दाम न वापरता बाजूला ठेव आणि शेवटी त्यांच्यावर तपास.